तळ मळे

प्रिय डिंपल,

पाकीट पाहून तुला वाटेल घरी काही झालं. काही झालेलं नाही. तुझी आई बरी आहे, गुडघा होता तसाच आहे. मी रोज दवाखान्यात जातो. सध्या लाळ्या-खुरकुताची लस आली आहे, म्हणून सकाळी सहापासून गोठे फिरतो. पत्र अशासाठी की फोनवर मला दोन वाक्यांपुढे जमत नाही, आणि तूही हल्ली "हो", "बरं", "ठेवते" एवढंच बोलतेस. परवा तुझी आई म्हणाली, "ढोरायले सुई टोचता येते तुमाले, पोरीसंग बोलता येत नाही." तिचं बरोबर आहे. तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्याच्या नोंदवहीत लिहितो आहे: गाय, तांबडी, वय सहा, दोन दिवसांपासून चारा खात नाही. यापेक्षा लांब मी कधी काही लिहिलेलं नाही. हे पत्रही तसंच कोरडं वाटलं तर समजून घे.

तेरवीच्या पंगतीत मनकर्णाबाई आत्या जे बोलली ते तू ऐकलंस. आबाजी तिचे सख्खे थोरले भाऊ, तिचं दुःख खरं होतं. पण ती मोठ्यानं बोलली. "नातनीनं भर सभेत चूक काढली, तईपासून माह्या भावानं पोथीले हात नाही लावला. मंग कायले जगते मानूस?" मी तेव्हा वरणाची बादली घेऊन त्याच ओळीत वाढत होतो. तू ताटावरून उठलीस, हात धुतलेस आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने नागपूरला गेलीस. मी काहीच बोललो नाही. त्याला पाच महिने झाले. संक्रांत झाली, होळी झाली, तू आली नाहीस. तू काय समजून बसली आहेस हे मला माहीत आहे. आबाजी तुझ्यामुळे वाचायचे थांबले आणि वाचन थांबलं म्हणून गेले, असं तुला वाटतं. त्याबद्दलच लिहायचं आहे, पण सरळ तिथे जाता येत नाही. आधी वह्यांचं सांगतो.

फाल्गुनात मी आबाजींची पत्र्याची पेटी उघडली. वरती पोथी, लाल कापडात बांधलेली. खाली चौदा वह्या. ते लिहायचे हे आपल्या सगळ्यांना माहीत होतं, काय लिहायचे ते कोणी विचारलं नव्हतं. मी तर समजायचो, पोथीच उतरवून काढतात, पुण्य म्हणून. दहा-बारा संध्याकाळी बसून मी सगळ्या वह्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. मला ओवी-अभंगातलं काही कळत नाही. पण एखाद्या जनावराची नोंद वर्षानुवर्षं पाहिली की त्याच्यात काय फरक पडत गेला ते कळतं, तसं थोडं कळलं.

पहिली वही १९७९ ची. त्या वर्षी त्यांचे वडील भैय्यालाल वारले आणि गावात पोथी वाचायचं आबाजींकडे आलं. त्या वहीत त्यांचं स्वतःचं एक अक्षर नाही. रोज पोथीतल्या पाच ओव्या, शाईने, रेघ मारल्यासारख्या सरळ. दुसऱ्या वहीत प्रत्येक ओवीखाली "म्हणजे" असं लिहून अर्थ. सभेत सांगायची तयारी असावी. तिसऱ्या वहीत "म्हणजे"च्या पुढे गाव यायला लागतं. म्हणजे जसा आपल्या तलावाचा सांडवा. म्हणजे जशी धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बाई वाकून असते आणि तिला आभाळ दिसत नाही. मग हे "म्हणजे" वाढत जातं, पान-पानभर होतं, आणि चौथ्या-पाचव्या वहीत एके दिवशी "म्हणजे" हा शब्दच नाहीसा होतो. तिथे त्यांची पहिली ओवी आहे. चाल पोथीचीच, तीन लांब चरण आणि एक तुटका. पण ती पेन्सिलीने लिहिलेली आहे. पुढेही सगळीकडे तसंच. पोथीचं ते शाईत आणि आपलं ते पेन्सिलीत. शेवटी स्वतःचं नाव घालतात, पण "दुधराम म्हणे" असं कुठेच नाही. "दुधराम पुसे" असं आहे. लहानपणी मी एकदा त्यांना सभेत सांगताना ऐकलं होतं, म्हणायचा हक्क मोठ्यायचा, आपण पुसावं. ते स्वतःच्या लिहिण्याबद्दल बोलत होते हे मला आता कळलं. एक ओवी इथे उतरवतो.

वर पाणी दिसे नितळ । आत कोण पाहे तळ ।
पुसे दुधराम बावळ । किती काढू ॥

चांगली की वाईट ते तू ठरव. तू शिकली आहेस.

मग मी पोथीही सोडून पाहिली. आत्तापर्यंत मी तिला फक्त नमस्कार केला होता. तुझ्या लक्षात आलं असेल, सुट्या पानांच्या समासात बारीक अक्षरं आहेत. ती भैय्यालाल आजोबांची आणि काही त्यांच्याही वडिलांची. जिथे भक्त देवाचा धावा करतो, त्या पानाच्या कडेला लिहिलं आहे, "माझी बी धाव घे. बैल उठत नाही." दुसऱ्या एका पानावर फक्त, "पोरगी वाचली. उपकार." कोणती पोरगी ते नाही. बहुतेक मनकर्णाबाईच असावी, तिला लहानपणी देवी आल्या होत्या असं ऐकलं आहे. म्हणजे आपल्या घरात हे आधीपासून चालत आलं होतं. पोथी वाचायची, आणि जिथे आपलं दुखणं सापडलं तिथे कडेला दोन शब्द लिहून ठेवायचे. आबाजींना समास पुरला नाही, म्हणून वह्या आल्या.

आता त्या शब्दाचं. तुला सगळं माहीत आहे, पण माझ्या बाजूने एकदा लिहितो. आपल्या गावात पोथी श्रावणात लागत नाही, कारण श्रावणात सगळे रोवण्यात असतात. ती वैशाखात, अक्षयतृतीयेपासून लागते, मोहफुलं संपली आणि तेंदूपत्ता लागायचा आहे अशा मधल्या सात दिवसांत, दुपारी चार वाजता, तलावाच्या पाळीवरच्या देवळात. आपली पोथी जुन्या छपाईची. अक्षरं सलग, शब्द कुठे संपतो ते कळत नाही, ओळ संपली की शब्द मध्येच तुटतो आणि उरलेला खाली जातो. सहाव्या दिवशी भक्ताच्या अवस्थेचं वर्णन येतं. तिथे "तळ" वरच्या ओळीच्या टोकाला आहे आणि "मळे" खालच्या ओळीच्या सुरुवातीला. भैय्यालाल आजोबा तो कसा वाचायचे माहीत नाही. आबाजींनी तो तळ मळे असा वाचला. आपण तलाव बांधणाऱ्यांची पोरं, आपल्याला तळ म्हटलं की तलावाचाच दिसणार. ते सांगायचे, "वरून तलाव कितीबी चकचकीत दिसो, बापहो, तळ मळते. पानी आलं का माती बी येते. मनाचं बी तसंच. देव वरतून नाही पाहात, तळ पाहाते." आणि मग सातव्या दिवशी समाप्तीला प्रत्येक घराने तलावातला पाच घमेले गाळ काढायचा आणि आपल्या धानाच्या बांधीत नेऊन टाकायचा. ही रीत आबाजींनीच पाडली. चाळीस वर्षं चालली. बाहेरगावाहून माहेरी आलेल्या पोरीसुद्धा घमेलं उचलायच्या.

दोन वर्षांपूर्वी तू सभेत बसली होतीस, मांडीवर कॉलेजच्या ग्रंथालयातलं नवीन छपाईचं पुस्तक, शब्द सुटे करून छापलेलं. आबाजींनी तळ मळे वाचलं आणि तू म्हणालीस, "आबाजी, तो एकच शब्द आहे. तळमळे. जीव तळमळतो, त्यातला." तुझा आवाज साधाच होता. मला आठवतं, तू पुस्तक पुढेही केलंस त्यांना दाखवायला. मग बकाराम, ज्याला गप्प बसवत नाही, तो म्हणाला, "म्हंजे चाळीस साल आमी फुकटच गाळ वाहिला का गा दुधराम?" मागून कोणी बाई म्हणाली, "माही तं कंबर गेली ना वो पाच घमेल्यानं!" आणि सगळी सभा हसली. आबाजी पान डोळ्यांजवळ घेऊन बराच वेळ वाकून राहिले. मग म्हणाले, "बराबर असन," आणि पुढे वाचायला लागले. दुसऱ्या दिवशी समाप्तीला नऊ-दहा घरंच घमेली घेऊन आली. बकाराम आला होता, हे सांगायला हवं. तो आला आणि पाचाऐवजी सात टाकून गेला.

मी त्या दिवशी मागे खांबाला टेकून बसलो होतो. मी हसलो नाही आणि काही बोललोही नाही. पण दवाखान्यात येणारे लोक नंतर महिनोन्महिने मला विचारायचे, "काय डाक्टर, यंदा किती घमेले?" मी डॉक्टर नाही हे त्यांना माहीत आहे. मला ते लागायचं. आबाजींना लागलं की नाही ते मी विचारलं नाही.

वह्यांमध्ये आता एक गोष्ट सापडली आहे, ती तुला सांगायलाच हवी. नववी वही १९९६ ची. त्या वर्षी भाद्रपदात तुझी आजी दुर्पता वारली. तू तिला पाहिलेलं नाहीस. ती गेल्यावर दोन महिने वहीत काही नाही. तारखासुद्धा नाहीत. मग एका पानावर एकच ओवी आहे.

भात करपला, कोरडे डोळे । घर तेच पण वेगळे ।
आतल्या आत जीव तळमळे । पुसू कोणा ॥

शब्द ओळीच्या मधोमध आहे, सलग, कुठेही तुटलेला नाही. आणि चौदा वह्यांमध्ये त्यांनी स्वतः रचलेली ही एकच ओवी शाईत आहे. मी ते पान दोन-तीनदा पाहिलं. त्यांना तो शब्द माहीत होता, डिंपल. निदान त्या वर्षापासून तरी नक्की माहीत होता. पुढच्याच वैशाखात त्यांनी सभेत परत तळ मळे वाचलं आणि गाळाचं सांगितलं. मी त्या वर्षी सभेत होतो. त्यांच्या आवाजात काही फरक नव्हता.

असं का केलं असेल यावर मी विचार केला. रीत मोडेल म्हणून असेल. गाळ निघतो आहे, निघू दे, असं असेल. पण मला दुसरंच वाटतं. तो शब्द नीट वाचला असता तर त्याचा अर्थ सांगावा लागला असता. चारशे लोकांसमोर बसून जीव तळमळतो म्हणजे काय, हे बायको जाऊन आठ महिने झालेल्या माणसाला सांगावं लागलं असतं. आपल्या घरात हे कोणाला जमत नाही. माझी आई गेली तेव्हा आबाजी आणि मी एकाच घरात सकाळ-संध्याकाळ जेवायला समोरासमोर बसायचो आणि भातात मीठ कमी आहे की जास्त एवढंच बोलायचो. त्यांनी हे वहीत लिहिलं होतं आणि वही माझ्या हातापासून सहा फुटांवर होती. मला ते तीस वर्षांनी कळलं.

शेवटच्या तीन वह्या मी तुझ्यासाठी वेगळ्या ठेवल्या आहेत. त्यात वाचण्यासारखं फार नाही. अक्षर मोठं मोठं होत जातं, मग ओळ खाली घसरते, मग एका ओळीवर दुसरी चढते. चौदाव्या वहीत तर पेन्सिल कागदाबाहेर गेल्याच्या खुणा पुठ्ठ्यावर आहेत. पोथीतली उतरवलेली एकही ओवी त्यात नाही. मी जनावरांचे डोळे पाहतो रोज, माझ्या बापाचे पाहिले नाहीत. गोंदियाच्या डॉक्टरने काचबिंदू सांगितला तेव्हा उशीर झाला होता. तुला हे सगळं आम्ही कळवलं नाही. ते कळवू नका म्हणाले होते, आणि न कळवणं मला नेहमीच सोपं जातं.

आता जे सांगायला हे पत्र लिहिलं ते. मागच्या वर्षी अक्षयतृतीयेच्या चार दिवस आधी आबाजींनी मला देवघराजवळ बोलावलं. म्हणाले, "हेमराज, मले अक्षर दिसत नाही. तीन साल झाले, पाठ आहे म्हणून चालून राहिलं. पोरीनं सांगतलं तई बी पानावर काई दिसून नाही राहिलं, उगाच वाकलो. तू तिले फोन लाव. म्हणा, यंदापासून पोथी तू वाच. तिले शब्दाची फोड करता येते. बाईमानसानं वाचलं तं कोणी काई म्हणन, त मी हावो बाजूले." मी हो म्हणालो. फोन लावला नाही. माझ्या मनात होतं की तू आधी येऊन त्यांच्या पाया पडावं, चूक झाली म्हणावं, मग सांगेन. लोक हसले होते त्यांना, पण राग मीच धरून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय म्हणते पोरगी?" मी सांगितलं, परीक्षा आहे म्हणते. तुझी परीक्षा महिनाभर पुढे होती. त्या सातही दिवशी ते दुपारी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, पोथी मांडीवर घेऊन ओसरीत बसायचे आणि चार वाजले, तू आली नाहीस, की न वाचताच उठायचे; त्या वर्षी देवळात पोथी लागलीच नाही. सातव्या दिवशी मला म्हणाले, "पोरीले राग आला असन गा. भर सभेत हासले ना लोक तिले." त्यांना वाटत होतं लोक तुला हसले. कार्तिकात गेले तेव्हाही त्यांचा समज तोच होता, की तू रागावली आहेस म्हणून येत नाहीस. त्यांना ते मी खोडून सांगितलं नाही, आणि तेरवीला तुला जे ऐकावं लागलं तेही खोडलं नाही. काल मनकर्णाबाईच्या घरी जाऊन तिला हे सगळं सांगितलं. ती उठून आत गेली, अजून माझ्याशी बोललेली नाही. तू बोलली नाहीस तरी मी काही म्हणणार नाही. पण अक्षयतृतीयेला पंधरा दिवस आहेत आणि पोथी त्यांनी तुला दिली आहे, मी फक्त एक वर्ष अडवून ठेवली. तो शब्द तुला जसा वाचायचा तसा वाच, सभेत अर्थ सांग किंवा सांगू नकोस. गाडी कोहमाऱ्याला किती वाजता पोचते तेवढं आईला कळव. घ्यायला कोणी यावं, तेही तिलाच सांग.

उत्तर आलं नाही तरी तुझाच,
बाबा